नवीन टाकू की बांधून घेऊ?

जुन्या ट्रकचा एखादा पार्ट गेला की मालकापुढे दोन रस्ते असतात. कुठला कधी धरायचा, हे ठरवायला आधी मोजावं लागतं. आणि मोजणारी माणसं कमी होत चालली आहेत.

समजा, एक ट्रक आहे. टाटा १६१३, २००८ ची, सहाचाकी, पाठीवर दहा हजार लिटरची टाकी. विश्रांतवाडीच्या चौकातून दिवसाला आठ-दहा वेळा ये-जा करते आणि धानोरी, लोहगावच्या सोसायट्यांना पाणी घालते. मालक हाच ड्रायव्हर. त्याची मुलगी कदाचित तुमच्याच वर्गात असेल. तिची फी याच टाकीतून भरली जाते. एप्रिल उजाडलाय, टँकरला मागणी आहे आणि नेमकी आत्ताच गाडी निळा धूर टाकायला लागलीये. ऑइल खातेय. सकाळी सेल्फ मारावा तर ‘टक्’ करून गप्प बसते. ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते. उभी करून चालणार नाही आणि अशीच पळवूनही चालणार नाही.

गॅरेजला लावली की मिस्त्री एकेक जागा बघतो, बोटाने ऑइल पुसून बघतो, थोडा वेळ काहीच बोलत नाही. मग मालकाला विचारतो, नवीन टाकायचं का बांधून घ्यायचं?

‘बांधून घेणं’ हा शब्द लक्षात ठेवा. गॅरेजच्या मराठीत इंजिन ‘रिपेअर’ होत नाही, ते ‘बांधलं’ जातं. सगळं सुटं करायचं, धुवायचं, मोजायचं, झिजलेलं भरून किंवा घासून पुन्हा मापात आणायचं आणि परत जोडायचं. आपल्या पिढीला याची सवय नाही. इअरबडची बॅटरी गेली की इअरबडच जातो. ती बदलायची सोय कंपनीने ठेवलेलीच नसते. जुना ट्रक मात्र अशा काळातला आहे, जेव्हा प्रत्येक वस्तूला स्क्रू असायचा.

गंमत म्हणजे या ट्रकचं नावसुद्धा उघडं पुस्तक आहे. १६१३ मधले १६ म्हणजे भरलेल्या गाडीचं एकूण वजन साधारण १६ टन आणि १३ म्हणजे साधारण १३० हॉर्सपॉवर. १९८६ साली आलेली ४०७ घ्या : चार टन, सत्तर हॉर्सपॉवर. इंजिनाचं नाव ६९७. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डायमलर-बेन्झशी करार केला, १९६९ मध्ये तो संपला, पण त्या घराण्याचं हे इंजिन पुढे कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवर धावत राहिलं. एवढं जुनं, एवढं पसरलेलं इंजिन म्हटल्यावर त्याचा पार्ट नाना पेठेत मिळतो आणि ते बांधणारा हात जवळपास कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतो. बांधायचं की बदलायचं, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच असतं. दुर्मीळ गाडीचा मालक कितीही हौशी असला तरी त्याला हा पर्याय एवढ्या सहज मिळत नाही.

सोप्याकडून सुरुवात

सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर. यात बिघडतं काय? कार्बन ब्रश झिजतात, बुश ढिले होतात, आर्मेचरची वायर जळते, सोलेनॉइडचे पॉइंट खराब होतात. बाहेरची लोखंडी बॉडी मात्र ठणठणीत असते. ब्रश आणि बुश बदलायचे, आर्मेचर पुन्हा गुंडाळायचं, बेंचवर बॅटरी जोडून फिरवून बघायचं. रिवाइंडिंगवाला हे संध्याकाळपर्यंत करून देतो. समजा चुकलंच काही, तर गाडी चालू होणार नाही, धक्का मारावा लागेल. जीव जाणार नाही. त्यामुळे इथे कुणी फार डोकं खाजवत नाही. सेल्फ आणि डायनामो (आता सगळ्या गाड्यांत अल्टरनेटर असतो, पण गॅरेजात तो डायनामोच) हे बांधून घ्यायचे पार्ट.

डिझेल पंपाचंही तसंच, पण तिथे हात जरा वेगळा लागतो. २०१० च्या आसपासपर्यंतच्या बहुतेक ट्रकना यांत्रिक पंप आहे. त्याच्या आत प्लंजर आणि बॅरल अशी जोडी असते. दोघांमधली फट असते दोन-चार मायक्रॉन. तुमचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड आहे, त्यावरून अंदाज घ्या. या फटीतून डिझेल निसटायला लागलं की पिकअप जातं, काळा धूर येतो. प्लंजर घासून दुरुस्त होत नाही. ती जोडी नवीनच टाकावी लागते. पण पंपाची बॉडी, कॅमशाफ्ट, गव्हर्नर हे सगळं वापरता येतं. मग पंप कॅलिब्रेशनच्या मशीनवर चढवून सहाही सिलिंडरला सारखं डिझेल जातंय का, हे काचेच्या नळ्यांत मोजतात. नोझल साधारण २०० बारला उघडलं पाहिजे. ट्रकच्या टायरमध्ये आठ बारच्या आसपास हवा असते. त्याच्या पंचवीस पट. भारतात ही विद्या रुजली ती मायको कंपनीमुळे. १९५१ साली सुरू झालेली, २००८ पासून बॉश नावाने ओळखली जाणारी. तिचा नोझल-इंजेक्टरचा कारखाना आपल्या नाशिकला सातपूरमध्ये आहे. म्हणजे पंप बांधणं हे खरं तर थोडं बदलणं आणि थोडं बांधणं. बहुतेक कामं अशीच असतात. ‘हे की ते’ हा प्रश्न अख्ख्या पार्टला विचारला की चुकतो. त्याच्या आतल्या प्रत्येक तुकड्याला वेगळा विचारावा लागतो.

ऑइल जातं कुठे?

आता मोठं काम. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. लगेच कुणीतरी म्हणतं, इंजिन गेलं, फुल काम काढा. थांबा जरा. ऑइल जळायला तीन-चार वाटा आहेत. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. व्हॉल्व्हचे गाइड ढिले असतील. किंवा टर्बोचं सील गेलं असेल आणि ऑइल थेट हवेबरोबर आत ओढलं जात असेल. टर्बोचं काम काही हजारांत होतं, इंजिनाचं लाखात जातं. दोन्हींचा धूर निळाच. चांगला मिस्त्री आधी टर्बोचा पाइप काढून आत बोट फिरवतो, ब्रीदरमधून किती वाफ येते ते बघतो, कॉम्प्रेशन मोजतो. हे न करता जो डायरेक्ट हेड खोलतो, त्याच्याकडे गाडी लावू नये, असं माझं मत आहे.

समजा, रिंगाच गेल्यात. इंजिन खोललं. क्रँकशाफ्ट बाहेर आली. इथून पुढचं काम लेथवाल्याचं, म्हणजे मशीन शॉपचं. क्रँकवर जे गोल गुळगुळीत भाग असतात, जर्नल, ते मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजायचे. गोल राहिलेत की लंबगोल झालेत? एका टोकाला निमुळते झालेत का? झिजलेले असतील तर ग्राइंडिंग मशीनवर पाव मिलिमीटर घासायचे आणि तेवढं जाड बेअरिंग बसवायचं. पुढच्या वेळी अर्धा, मग पाऊण, मग एक. साधारणपणे अशा चार पायऱ्या. कंपनीने क्रँक बनवतानाच तिला स्टँडर्डनंतर हे चार पुनर्जन्म देऊन ठेवलेले असतात. नंतर ती भंगारात.

वाचायला सोपं वाटतं, पण यात दोन खाचा आहेत. एक, क्रँकचा वरचा थर कडक केलेला असतो. काही क्रँकचा हा थर इतका पातळ की एकदा घासली की तो निघून जातो, आणि परत कडक न करता बसवली की क्रँक काही महिन्यांत बसते. दुसरी खाच अजून बारीक आहे. जर्नल जिथे संपतो तिथे काटकोन नसतो, छोटीशी गोलाई असते. ग्राइंडरने घाईत ती गोलाई खाल्ली आणि कोपरा धारदार केला, तर माप बरोबर, चमक बरोबर, फिरवून बघितलं तरी बरोबर, आणि सहा महिन्यांनी क्रँक नेमकी तिथेच तुटते. बिलावर दोन्ही कामांना एकच शब्द असतो : ‘क्रँक ग्राइंडिंग’.

त्यात धूळ. गॅरेज रस्त्याला लागून, वरून ट्रॅफिक, शेजारी कुठेतरी बांधकाम. ऑइलच्या बारीक वाटांत वाळूचा कण राहिला की तो नव्या बेअरिंगला ओरखडे काढत फिरतो. कंपनीत बांधलेलं इंजिन आणि रस्त्यावर बांधलेलं इंजिन यात फरक पडतो तो हुशारीपेक्षा जास्त या धुळीमुळे. ज्या गॅरेजात क्रँक बसवायच्या आधी ऑइलच्या वाटा तारेचा ब्रश घालून धुतात आणि उघडं इंजिन रात्री झाकून ठेवतात, तिथे दोन पैसे जास्त द्यावेत.

इथे बांधायचं नाही

८ मे १८४२. व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली. पन्नासहून अधिक माणसं गेली. लोकांना कोडं पडलं की कालपर्यंत धडधाकट दिसणारं, जास्तीचं वजन न लादलेलं लोखंड अचानक तुटतं कसं? पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर नावाच्या रेल्वे इंजिनिअरने कित्येक वर्षं आस फिरवून-फिरवून, वाकवून-वाकवून प्रयोग केले. त्यातून कळलं ते असं : धातू एका मोठ्या धक्क्याने तुटतो तसाच लाखो छोट्या धक्क्यांनीही तुटतो. आत एक बारीक चीर सुरू होते, प्रत्येक फेऱ्याला केसभर पुढे सरकते आणि एक दिवस उरलेला भाग वजन पेलेनासा होतो. मेकॅनिकल शाखेवाले याला फटिग म्हणून परीक्षेत लिहितात.

झीज मोजता येते. थकवा मायक्रोमीटरवर दिसत नाही. जुन्या ट्रकचा अख्खा प्रश्न मला तरी या फरकावर उभा असलेला दिसतो.

म्हणून टायरॉड एंड, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, किंगपिन, चाकाचे स्टड, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट यांना वेल्डिंग करून, ठोकून, आवळून पुढे ढकलायचं नसतं. तुटलेल्या टायरॉडला वेल्डिंग मारून गावापर्यंत गाडी आणली, अशा शौर्यकथा ड्रायव्हर लोक रंगवून सांगतात. त्या ढाब्यावर ऐकायला बऱ्या. विश्रांतवाडीच्या चौकात सकाळी साडेआठला दहा टन पाणी घेऊन येणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग सुटलं तर समोर कॉलेजला निघालेल्या स्कूटी असतात.

मोठ्या पार्टमधली चीर शोधायला उपाय आहेत. लाल रंगाचं पातळ द्रव्य लावायचं, पुसायचं, वर पांढरी पावडर मारायची. चीर असेल तर लाल रेघ उमटते. चुंबकाची पद्धतही आहे. क्रँक, हेड, एक्सल यांच्यासाठी हे करावं. पण दोन-तीन हजारांच्या टायरॉड एंडवर एवढा खटाटोप कोण करणार? नवीन टाकायचा, विषय संपला.

ब्रेकचं जरा मधलं आहे. लायनर म्हणजे झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू. ते नवीन रिव्हेट करायचे, शू परत वापरायचे. (जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. हवेच्या पाइपने ड्रमवरची धूळ उडवणारा हेल्पर दिसला तर लांब उभे राहा, आणि त्यालाही सांगा.) डायफ्रॅम, होस, सील अशा रबरी वस्तूंचं किट नेहमी नवीन. ड्रमला खाचा पडल्या असतील तर लेथवर टर्निंग करून सपाट करता येतो, पण एका मर्यादेपर्यंत. जास्तीत जास्त व्यास किती, हे बऱ्याच ड्रमवर कोरलेलंच असतं. त्यापुढे घासला की ड्रम पातळ होतो, लवकर तापतो, आणि तापलेल्या ड्रमवर ब्रेक लागत नाही. ‘अजून एक टर्निंग निघेल’ हे वाक्य मला गॅरेजमधलं सगळ्यात महागडं वाक्य वाटतं. आणि ड्रम दोन्ही बाजूंचे सारखे हवेत. एका चाकाला नवा, दुसऱ्याला घासलेला, की गाडी ओढणारच.

टँकरचं गणित, लाइनच्या गाडीचं गणित

आता पैसे. खालचे आकडे हिशेबापुरते धरलेत, बाजारभाव म्हणून वाचू नका. समजा नवीन इंजिन चार लाखांना पडतं आणि पाच लाख किलोमीटर चालतं. म्हणजे किलोमीटरला ऐंशी पैसे. तेच बांधून घ्यायला दीड लाख लागतात आणि ते दोन लाख किलोमीटर चालतं. किलोमीटरला पंचाहत्तर पैसे. जवळपास सारखंच. आता त्यात उभं राहण्याचे दिवस घाला. नवीन चार दिवसांत बसतं, बांधायला बारा दिवस जातात. जास्तीचे आठ दिवस, दिवसाचे चार हजार बुडाले असं धरलं तर बत्तीस हजार, म्हणजे आणखी सोळा पैसे. बांधलेलं इंजिन पंचाहत्तरवरून एक्याण्णव पैशांवर गेलं. जिंकलं कोण? नवीन.

कागदावर. कारण आपला टँकर दिवसाला साठ किलोमीटर फिरतो. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी अठरा हजार. पाच लाख किलोमीटरचं इंजिन संपवायला त्याला जवळपास अठ्ठावीस वर्षं लागतील आणि गाडी आत्ताच सतरा-अठरा वर्षांची आहे. नव्या इंजिनाचे पैसे देऊन त्यातला मोठा भाग तो शेवटी भंगारवाल्याला देणार. पुणे-दिल्ली लाइनवर वर्षाला लाखभर किलोमीटर ओढणाऱ्या गाडीला मात्र नवीन परवडतं. तिथे एक दिवस उभं राहणं म्हणजे भाडं हातचं जाणं. पार्ट किती टिकेल, हे सगळे विचारतात. गाडी अजून किती चालणार, हे विचारायचं राहून जातं.

टँकरचं अजून एक आहे. त्याचं इंजिन किलोमीटरवर मोजू नये, तासांवर मोजावं. गाडी उभी आणि इंजिन चालू, सोसायटीच्या टाकीत पाणी चढतंय, हे त्याचं अर्धं आयुष्य.

आणि कामाला वेळ कुठला निवडता, तेही बघायचं. आषाढीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला याच रस्त्याने, विश्रांतवाडीवरून जाते. मागेपुढे दिंड्यांचे ट्रक असतात, तंबू, भांडी, शिधा घेऊन. त्यातले बरेच वयस्कर. पुण्यातून निघाल्यावर पालखीच्या वाटेवर सासवडच्या आधी दिवे घाट येतो, तोही मुंगीच्या पावलाने चढायचा. निघायच्या आदल्या आठवड्यात इंजिन बांधून घेतलं आणि तसंच भरल्या गाडीने घाटात घातलं, तर नव्या रिंगा नीट बसायच्या आतच तापतात. बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीचे काही शे किलोमीटर हलक्या लोडवर द्यावे लागतात. म्हणजे वारीचं काम मे महिन्यातच काढायला हवं. टँकरवाल्याचं उलटं : त्याने मे महिना कसाबसा काढायचा आणि पावसात गाडी खोलायची. आत्ता सेल्फ बांधायचा, पुढचे ड्रम नवे टाकायचे, ऑइल रोज बघायचं, टॉपअपचा डबा केबिनमध्ये ठेवायचा. निळा धूर पंधरा जूनपर्यंत थांबू शकतो. ब्रेक थांबू शकत नाही.

एसटी काय करते

हे सगळं एका गाडीचं झालं. हजारो गाड्या असतील तर? उत्तर विश्रांतवाडीहून फार लांब नाही, खडकीच्या पलीकडे दापोडीला आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून आपल्या एसटीने बदलणं आणि बांधणं हे भांडणच ठेवलं नाही. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा इथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. जुन्या चासीवर नवी बॉडी चढवायचं काम तिथे चालतं. टायरना नवा थर चढवण्याची सोयसुद्धा महामंडळाची स्वतःची. इंजिन, गिअरबॉक्स यांच्या बाबतीत सार्वजनिक परिवहनाची पद्धत अशी असते : बांधून तयार ठेवलेली काही इंजिनं स्टोअरमध्ये असतातच. गाडीचं इंजिन गेलं की ते उतरवायचं, तयार असलेलं चढवायचं, गाडी लगेच मार्गावर. उतरवलेलं इंजिन मग निवांत, घाई न करता बांधायचं आणि परत स्टोअरमध्ये. गाडीच्या दृष्टीने ते बदललं, इंजिनाच्या दृष्टीने ते बांधलं. आठ दिवसांचा जो भुर्दंड आपण वर हिशेबात घातला, तो इथे गायब होतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर एसटीने जुन्या बस मालवाहू करून टाकल्या. सीट काढल्या, खिडक्या बंद केल्या, माल भरला. प्रवासी नव्हते आणि चासी अजून दमदार होत्या.

कंपन्यांनाही हे कळलंय. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ शोआझी-ल-र्‍वा इथे रेनोने १९४९ पासून जुनी इंजिनं कारखान्यात नव्याने बांधली. टाटा मोटर्स ‘प्रोलाइफ’ नावाने इंजिन, गिअरबॉक्स वगैरे बांधून विकते, काम लखनऊला होतं. जुना पार्ट द्यायचा, बांधलेला घ्यायचा, वर वॉरंटी. टँकरवाल्यासारख्या एकट्या मालकाला एसटीच्या स्टोअरचा फायदा मिळवून देणारा हा रस्ता आहे. पण आपण दिलेलंच इंजिन परत मिळत नाही, आणि इंजिन नंबर बदलला की कागद करावे लागतात. ज्याने वडिलांच्या हातची गाडी चालवायला घेतलीये, त्याला पहिली गोष्ट खटकते. आरटीओला दुसरी.

नवीन म्हणजे कुठलं नवीन?

नवीन टाकायचं ठरलं तरी प्रश्न संपत नाही. काउंटरवर एकाच पार्टचे तीन भाव सांगतात. कंपनीच्या डब्यातला, कंपनीला माल पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यातला, आणि ‘लोकल’. दुसरा बऱ्याचदा पहिल्यासारखाच असतो आणि स्वस्त पडतो. तिसऱ्याचा डबा कधीकधी पहिल्यापेक्षा देखणा असतो. हलक्या लोखंडाचा नवा ड्रम घेण्यापेक्षा मापात असलेला जुना ओरिजिनल ड्रम टर्निंग करून वापरणं केव्हाही बरं. नव्यावर डोळे झाकून विश्वास आणि जुन्यावर आंधळं प्रेम, दोन्हींना गॅरेजात सारखाच फटका बसतो.

मग सरकार. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. २०२१ मध्ये केंद्राचं स्क्रॅपिंग धोरण आलं. त्या वर्षीच्या अधिसूचनेने पंधरा वर्षांवरच्या जड वाहनांच्या फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून साडेबारा हजार रुपये ठरवली. सरकारी मालकीच्या गाड्यांना तर एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर रस्ताच बंद. खासगी ट्रकवर आपल्याकडे तशी सरसकट बंदी नाही, पण गाडी दरवर्षी महाग होत जाते, हे खरं. इंजिन बांधायला काढताना ही फी आणि विम्याचा हप्ता शेजारी लिहून बघावा.

धुराबद्दलही सरळ बोललं पाहिजे. इंजिन कितीही सुंदर बांधलं तरी ते त्याच्या जन्मवर्षाच्या नियमापर्यंतच परत जातं. २००८ चा ट्रक आणि एप्रिल २०२० नंतरचा बीएस-सहाचा ट्रक यांच्या धुरात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुनं जपणं म्हणजे आपोआप पर्यावरण जपणं, असं पोस्टर मी तरी काढणार नाही. दिवसाला साठ किलोमीटर फिरणाऱ्या टँकरसाठी नवा ट्रक ओतून, घडवून आणण्यात जो कोळसा-लोखंड जातो, तेही मोजायला हवं. आणि निळा-काळा धूर टाकत तो तुमच्या बाल्कनीखाली तासभर उभा राहतो, तेही. बांधायचं तर नीट बांधा, एवढं तरी मागता येतं.

मोजणारे हात

हे सगळं करणारी माणसं कुठून येतात? जुने मिस्त्री उस्तादाच्या हाताखाली शिकले. आधी पाने धुणं, मग पाने ओळखणं, मग पाने हातात देणं. पाना आवळताना किती जोर लावायचा, हे मनगटाला कळायचं. टॉर्क पाना नंतर आला. आयटीआयमध्ये आता ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा आणि ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. टर्नरचा वेगळा. पुण्यात औंधला सरकारी आयटीआय आहे. एसटीच्या कार्यशाळा अॅप्रेंटिस घेतात. भोसरीला १९६७ पासून सीआयआरटी, म्हणजे रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आहे. डिग्रीवाल्यांनीही एकदा एखाद्या क्रँक ग्राइंडिंगच्या दुकानात अर्धा दिवस उभं राहून बघावं. ‘टॉलरन्स’ या शब्दाचा अर्थ तिथे कळतो तसा वर्गात कळत नाही.

फक्त, पुढची गाडी वेगळी असणार आहे. नव्या ट्रकमध्ये डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, इंजेक्टरला स्वतःचा कोड असतो, तो संगणकाला कळवल्याशिवाय गाडी नीट चालत नाही. तिथे मायक्रोमीटरइतकाच स्कॅनर लागतो आणि स्कॅनरच्या आतली माहिती कंपनीच्या कुलपात असते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं हा एक गट आहे. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला आणि बाहेरच्या मिस्त्रीलाही मिळावेत, ही त्यामागची कल्पना. पोर्टलवरची माहिती आळंदी रोडच्या गॅरेजपर्यंत पोचवायला इंग्रजी वाचणारं, स्कॅनर चालवणारं आणि हाताला ग्रीस लागलं तरी न कुरकुरणारं कुणीतरी लागेल. २००८ च्या १६१३ ला अशा माणसाची गरज नव्हती. आज शोरूममधून निघालेली गाडी पंधरा वर्षांनी गॅरेजच्या दारात उभी राहील, तेव्हा पहिल्या दिवसापासून लागणार आहे.